फलटण : पाटाच्या पाण्यावर वाढलेले आणि आता वेशीबाहेर वाढणारे गाव

धागाकर्ता : बाणगंगाकाठ

फलटणविषयीचे बहुतेक लेखन राजवाड्यापासून सुरू होते आणि राममंदिराच्या रथोत्सवाशी येऊन थांबते. या दोन्ही गोष्टी मला प्रिय आहेत. माझे लहानपण फलटणच्या मलठण भागात गेले, आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ ओढला जात असताना त्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून जे पाहिले, ते आजही डोळ्यांसमोर आहे. परंतु गेली काही वर्षे गावी गेल्यावर एक वेगळाच प्रश्न मनात घर करून बसला आहे. हे गाव नेमके कशामुळे वाढले, आणि आज ते ज्या बाजूंनी वाढते आहे त्या वाढीची नोंद कोण ठेवतो आहे? या प्रश्नाला धरून जे ठाऊक आहे ते मांडतो. येथे फलटण तालुक्यातील अनेक सदस्य आहेत, त्यांनी भर घालावी आणि चुकले असेल तेथे दुरुस्ती करावी.

गाव जुने आहे, याविषयी वाद नाही. महानुभाव वाङ्मयात त्याचा उल्लेख फलेठाण असा येतो, आणि पंथाच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच अवतारांपैकी, चक्रपाणी प्रभू, म्हणजे चांगदेव राऊळ, यांचा जन्म येथला. त्यामुळे महानुभावांसाठी फलटण ही दक्षिण काशी आहे. जबरेश्वराच्या मंदिराचे कोरीव दगड पाहिले की यादवकाळात हे ठिकाण किती संपन्न असले पाहिजे, याची कल्पना येते. पुढे शेजारच्या निंबळकवरून आडनाव घेतलेल्या नाईक निंबाळकरांनी येथे शतकानुशतके राज्य केले. मालोजीराजे भोसले यांच्या पत्नी याच घराण्यातल्या, शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या, आणि महाराजांची कन्या सखूबाई पुन्हा याच घरात सून म्हणून आली. या लेकीला महाराजांनी वाल्ह्याची पाटीलकी दिली होती. आज माउलींच्या पालखीचा एक मुक्काम वाल्ह्यात आणि नंतरचा एक फलटणला असतो. त्या वाटेने चालताना या नात्याची आठवण मला दर वेळी होते.

संस्थान सातारकर छत्रपतींच्या जहागिरींपैकी एक होते, आकाराने लहान. १८६० ते १९१६ अशी दीर्घ कारकीर्द लाभलेल्या मुधोजीराजांच्या काळात आजच्या जुन्या गावाला रूप आले. मनमोहन राजवाडा, त्याला लागून असलेले राममंदिर, पेठा आणि शाळा या सर्वांवर त्या काळाची छाप आहे. त्यांच्यानंतरचे मालोजीराजे नाईक निंबाळकर हे शेवटचे अधिपती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तेच मालोजीराजे पुढे त्या राज्याचे मंत्री झाले.

येथपर्यंतचा इतिहास गाव का वसले हे सांगतो, पण ते का वाढले हे सांगत नाही. निंबाळकरांची राजधानी असूनही विसाव्या शतकाच्या आरंभी फलटण हे पर्जन्यछायेतले, ज्वारी-बाजरीवर जगणारे एक लहान गाव होते. दक्षिणेला महादेवाचे डोंगर, उत्तरेला नीरा, मध्ये उताराची जमीन. आणि त्या डोंगरातून निघून गावाला वळसा घालत नीरेला मिळणारी बाणगंगा, जी वर्षातले बरेच महिने कोरडीच असायची. नदी दारात असूनही पाणी शेतात नव्हते. नीरेच्या डाव्या तीरावर, म्हणजे बारामतीच्या बाजूला, १८८० च्या दशकातच कालवा आला होता. आपल्या बाजूला तो यायला आणखी चार दशके लागली. १९२८ साली भाटघरचे नवे, मोठे धरण पूर्ण झाले आणि त्या साठ्यावर नीरा उजवा कालवा उभा राहिला.

माझ्या मते फलटणचा खरा जन्म या पाटाबरोबर झाला. १९३२ साली देशी साखर उद्योगाला आयात साखरेपासून संरक्षण मिळाले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत नीरेच्या दोन्ही तीरांवर कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. वालचंदनगर, माळीनगर आणि आपल्या तालुक्यातली साखरवाडी ही सर्व त्याच काळाची अपत्ये आहेत. मूळच्या पिंपळवाडीचे नावच कारखान्यामुळे साखरवाडी झाले. त्याच १९३२ साली तालुक्याच्या पश्चिम टोकाला पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे महाराष्ट्रात शेतोशेती पोहोचलेले को ७४० हे वाण याच केंद्राचे, आणि को ८६०३२ चा प्रसारही तेथूनच झाला. नंतर सहकाराच्या काळात खुद्द फलटणला श्रीराम कारखाना उभा राहिला.

पाण्याबरोबर माणसे आली. ऊस करणारे, खंडाने जमिनी घेणारे, गूळ आणि धान्याचे व्यापारी, कारखान्याचे कामगार, तोडणीच्या टोळ्या, लोहार, सुतार, इंजिन दुरुस्त करणारे. आज ज्या घरांना आपण मूळचे फलटणकर म्हणतो, त्यांतली कितीतरी घरे आजोबा-पणजोबांच्या पिढीत पाटाच्या मागोमाग आलेली आहेत. त्या पिढीतली अगदी थोडी माणसे आता उरली आहेत, आणि त्यांच्या आठवणी कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. हा धागा काढण्याचे पहिले कारण तेच आहे.

दुसरे कारण आजच्या वाढीचे. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत फलटण नगरपालिकेची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपासच आहे. दहा वर्षांत गाव जागच्या जागी राहिले, असे कागद सांगतो. प्रत्यक्षात कोळकी, जाधववाडी, ठाकुरकी या बाजूंनी जाऊन पाहिले तर जेथे आमच्या शाळेच्या दिवसांत उसाचे फड होते, तेथे आज बंगल्यांच्या आणि सदनिकांच्या रांगा आहेत. गाव वाढले ते नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या हद्दीत. ते लोक बाजाराला, शाळेला, दवाखान्याला फलटणला येतात. त्यांचा कर, पाणी, गटार आणि कचरा यांचा हिशेब मात्र वेगळ्या दप्तरांत आहे. या वाढीविषयी आपण सर्वांनी आपापल्या भागातले लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : पाटकरी

उत्तम मांडणी. पाटाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आमच्या घरात तीन पिढ्या पाटाच्या पाण्यावरच शेती झाली.

कालवा आला आणि लगेच सोने पिकू लागले, असे चित्र नंतर रंगवले गेले. आजोबा सांगत त्यावरून आणि वडिलांनी जपलेल्या जुन्या पावत्यांवरून मला दिसते ते असे, की सुरुवातीची वर्षे फार अवघड होती. जिरायत शेती करणाऱ्याला बारमाही पाणी कसे वापरायचे हेच ठाऊक नव्हते, आणि उसाला लागणारे भांडवलही त्याच्याकडे नव्हते. त्यामुळे ज्यांना बागायतीची सवय होती, विशेषतः सासवडकडच्या माळी कुटुंबांना, नीरेच्या पाटावर खंडाने जमिनी मिळाल्या आणि त्यांनी ऊस उभा करून दाखवला. स्थानिक शेतकरी त्यांच्या बांधावर उभे राहून शिकला. आमच्या आजोबांनी सरी काढणे, बेणे निवडणे आणि रात्रीचे दारे धरणे (पाटाचे पाणी एकेका सरीत वळवणे) हे सर्व अशाच एका शेजाऱ्याकडून शिकून घेतले आणि त्या शेजाऱ्याचे नाव आमच्या घरात आजही आदराने घेतले जाते.

पाणी मोजून मिळत असे. नीरेच्या कालव्यांवर ब्लॉकची पद्धत होती. अभियंता विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती बसवली. त्या पद्धतीत मंजूर क्षेत्राच्या एका भागातच ऊस घ्यायचा आणि उरलेल्या भागात हंगामी पिके फिरवायची, असा नियम होता. ही शिस्त जमिनीच्या भल्याची होती, हे आम्हाला उशिरा कळले. पाणी मुबलक झाले तेथे उसामागून ऊस लागला, निचरा राहिला नाही, आणि पाटाच्या खालच्या अंगाच्या काही काळ्या जमिनी आधी पाणथळ आणि मग खारवट होत गेल्या. पाडेगावच्या केंद्रात अगदी सुरुवातीच्या काळापासून दख्खनच्या कालव्याखालील मातीचे प्रकार तपासून त्यांचे वर्गीकरण करण्याचे जे काम झाले, त्याचे कारण हेच होते. आमच्या स्वतःच्या दोन एकरांवर आज चुनखडीसारखा पांढरा थर दिसतो. पूर्वी त्याच तुकड्यात एकरी सर्वाधिक ऊस निघत असे.

पाळी, म्हणजे पाटाचे पाणी मिळण्याची वेळ, लांबली की गावात काय वातावरण असते, हे पाटाखाली न राहिलेल्याला सांगून कळणार नाही. माणसे बोलतात ती फक्त पाण्याविषयी. लग्नाची तारीखसुद्धा पाळीचा अंदाज घेऊन ठरते.

प्रतिसाद : डोंगरकडा

धागाकर्त्यांविषयी आदर राखून एक दुरुस्ती सुचवतो. आपण जो तालुका वर्णन केला आहे तो निम्मा तालुका आहे. पाट आणि नीरा यांच्या मधला पट्टा म्हणजे फलटण नव्हे. मी ताथवड्याच्या बाजूचा आहे, संतोषगडाच्या पायथ्याचा. आमच्या भागात पाट कधी आलाच नाही, कारण कालव्याचे पाणी उताराने नदीकडे जाते आणि आम्ही त्याच्या वरच्या अंगाला आहोत. आदर्की, हिंगणगाव, गिरवी ही सारी गावे त्याच बाजूची.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातली सर्व प्रौढ माणसे रोजगार हमीच्या खडीवर होती. आई सांगते की त्या काळात पाटावरच्या नातेवाइकांकडे गेले की मोठ्या माणसांना संकोच वाटे. मुले मात्र रस प्यायला मिळणार म्हणून आनंदात असत. एकाच तालुक्यात, दहा-बारा मैलांच्या अंतरावर, दोन वेगळी आयुष्ये होती. आमच्याकडची माणसे दिवाळीनंतर तोडणीला किंवा कारखान्यावर जात, काही मुंबईला गिरणीत जात, आणि धनगर मंडळी मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जात. फलटण शहर वाढले त्यात या मजुरीचाही वाटा आहे, तो लिहिला गेला पाहिजे.

अलीकडे धोम-बलकवडीच्या कालव्याचे पाणी आमच्या भागात आले आहे. ते सर्व गावांना सारखे मिळत नाही, पण जेथे मिळाले तेथे डाळिंब, भाजीपाला आणि ऊससुद्धा दिसू लागला आहे. पाटकरी यांनी खारवट जमिनीविषयी लिहिले ते वाचून मला धास्ती वाटली, कारण आमच्याकडे आज नेमके तेच चालले आहे. नव्वद वर्षे वाट पाहिलेले पाणी हाती आल्यावर ते जपून वापरा असे कोणाला सांगायचे, आणि कोणत्या तोंडाने?

प्रतिसाद : बाणगंगाकाठ

डोंगरकडा, आपली दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे. मी पाटाच्या बाजूने लिहिले, कारण मी तेथून पाहिले. मूळ लेखात ‘नदी दारात असूनही पाणी शेतात नव्हते’ असे जे वाक्य लिहिले, ते आपल्या भागासाठी परवा-परवापर्यंत खरे होते, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. कृपया त्या मजुरीविषयी आणि कोकणात उतरणाऱ्या वाड्यांविषयी, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळांविषयी, सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : तांबमाळ

मेंढरांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी शिक्षिका आहे आणि माझे माहेर लोणंद रस्त्यावर आहे. फलटणच्या वाढीत पाटाइतकाच मोठा वाटा मी आणखी एका गोष्टीला देईन, आणि ती म्हणजे बाहेरून येथे येऊन राहिलेली, मुळे धरलेली माणसे.

तांबमाळावरची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केली. मोठ्या शहरापासून दूर, सरकारी नोकरशाहीच्या बाहेर, खासगी प्रयत्नातून एवढे संशोधन एका तालुक्याच्या गावी व्हावे, ही साधी गोष्ट नाही. करडईच्या वाणांवर तेथे दीर्घकाळ काम झाले. गोड ज्वारीपासून इथेनॉल काढणे, त्यावर चालणारे कंदील आणि शेगड्या बनवणे, विजेवर चालणारी सायकल रिक्षा तयार करणे, हे प्रयोग तेथे झाले तेव्हा देशात त्याची फारशी चर्चाही नव्हती. त्या संस्थेचे संचालक अनिल राजवंशी अमेरिकेतून १९८१ साली परत आले आणि थेट फलटणला येऊन राहिले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

मेंढ्यांचे काम मला सर्वांत जवळचे वाटते. आपली दख्खनी मेंढी काटक आहे, लांब चालू शकते, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालमधील सुंदरबनाच्या दलदलीत राहणारी गारोळ ही लहानखुरी मेंढी जुळी कोकरे सहज देते, आणि त्यामागे एक विशिष्ट जनुक आहे. ते जनुक दख्खनी मेंढीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ तयार केली आणि ती कळपांत फिरणाऱ्या धनगर कुटुंबांपर्यंत नेली. दोन कोकरांना पुरेल एवढे दूध मेंढीला हवे, कोकरे चालण्याइतकी सशक्त हवीत, नाहीतर जुळ्यांचा उपयोग नाही. या सगळ्या अडचणी मेंढपाळांशी बोलून, त्यांच्या वाड्यांवर जाऊन सोडवाव्या लागल्या. डोंगरकडा यांनी सांगितलेल्या कोरड्या भागाचा विचार करून केलेले काम तालुक्यात कोणते, असे कोणी विचारले तर मी हेच दाखवीन.

शाळेविषयीही लिहायला हवे. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन विदुषी १९६० च्या दशकात भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी येथे आल्या आणि त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो फलटणची बोली. एकाच गावात जातीनुसार, शिक्षणानुसार, पेठेनुसार मराठी कशी बदलते हे त्यांनी तपासले. नंतर त्या भारतीय नागरिक झाल्या, फलटणलाच राहिल्या आणि ज्या मुलांना शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून गप्प बसवले जात होते, त्यांच्यासाठी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्या संस्थेच्या शाळेला कमला निंबकर यांचे नाव आहे. कमलाबाईही जन्माने अमेरिकन, आणि आपल्या देशात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करण्याचा मान त्यांचा. मी त्या शाळेत शिकवत नाही, पण मुलाच्या तोंडची भाषा आधी स्वीकारायची आणि मग प्रमाण भाषेकडे न्यायचे, हे मी तेथल्या शिक्षकांकडून शिकले. आज माझ्या वर्गात ओडिशा आणि बिहारमधून आलेल्या कामगारांची मुले बसतात, तेव्हा ते शिक्षण दररोज उपयोगी पडते.

गौरी देशपांडे यांनीही काही वर्षे आपल्या तालुक्यातल्या विंचुर्णीला घर केले होते, हे अनेक वाचकांना ठाऊक असेलच.

प्रतिसाद : सुरवडी फाटा

बाहेरून आलेल्या माणसांविषयी वाचून आमच्या भागाचे लिहावेसे वाटले. सुरवडीच्या औद्योगिक वसाहतीत कमिन्सचे मोठे संकुल आले, त्याला आता पंधरा वर्षांच्या आसपास होतील. त्याआधी आमच्या गावातल्या मुलाने आयटीआय केले की तो भोसरीला किंवा चाकणला जायचा आणि खोली करून राहायचा. आता तोच मुलगा घरी जेवून पाळीला जातो. (येथे पाळी म्हणजे कामाची. पाटाची पाळी आणि कामाची पाळी, हा शब्द आता आमच्याकडे दोन्ही अर्थांनी रोज वापरला जातो.) कारखान्यात मुली मोठ्या संख्येने काम करतात, ही मला सर्वांत मोठी घडामोड वाटते. माझी पुतणी इंजिनाच्या जुळणीवर आहे. तिच्या पगारावर घराचे कर्ज मंजूर झाले, आणि घराच्या कागदावर तिचे नाव आहे. आमच्या वाडीत असे पूर्वी झालेले नाही.

याची दुसरी बाजूही सांगतो. जमिनी गेल्या त्यांना पैसे मिळाले, पण पुढे काय करायचे याचा सल्ला देणारे कोणी नव्हते. ज्यांनी त्या पैशातून दुसरीकडे जमीन किंवा म्हशी-गाई घेतल्या ते सावरले. दुधाने अनेक घरे तारली, हे नमूद केले पाहिजे. कोळकीच्या गोविंद डेअरीने मुक्त संचार गोठ्याचा प्रसार केल्यापासून दावणीला बांधलेली जनावरे मोकळी सोडण्याची पद्धत आमच्याकडे सर्वत्र दिसते, आणि त्यामुळे घरातल्या बायकांचे शेणकाढणीचे कष्ट खरोखर कमी झाले आहेत. ज्यांनी पैसे गाडीत आणि लग्नात घातले, त्यांची मुले आज त्याच वसाहतीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहेत. कायम कामगार आणि ठेक्याचा कामगार एकाच बसने जातात, एकच काम करतात, पण महिन्याच्या शेवटी घरी नेतात त्या रकमेत मोठा फरक असतो. मी स्वतः सहा वर्षे ठेक्यावर काढली; कोणत्या कंपनीत ते येथे लिहीत नाही, कारण ही तक्रार एका कंपनीपुरती नाही.

प्रतिसाद : लोणंद जंक्शन

रेल्वेचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. लोणंद-फलटण-बारामती मार्गाची चर्चा आमचे आजोबा ऐकत आले होते. लोणंद ते फलटण हा टप्पा पूर्ण होऊन ३० मार्च २०२१ रोजी पुणे-फलटण गाडी सुरू झाली. तो करोनाचा काळ होता, तरीही माणसे रुळांच्या कडेला उभी राहून पाहत होती. परंतु एक-दोन गाड्यांनी शहराचे जीवन बदलत नाही. बारामतीकडचा टप्पा पूर्ण झाला आणि पंढरपूरचा मार्ग झाला, तर फलटण हे शेवटचे स्थानक न राहता वाटेवरचे स्थानक होईल, आणि या दोहोंत फार मोठा फरक आहे. आज पुण्याला रोज ये-जा करणारा फलटणकर अजूनही एसटीवर किंवा स्वतःच्या गाडीवर अवलंबून आहे.

प्रतिसाद : कोळकीकर

मूळ लेखात आमच्या कोळकीचा उल्लेख हद्दीबाहेरची वाढ म्हणून आला आहे. तो खरा आहे, मात्र त्यातून आम्ही शहराच्या सुविधा फुकट वापरतो असा सूर निघतो, आणि तो मला अन्यायकारक वाटतो.

आम्ही २००६ साली येथे घर बांधले, कारण शहराच्या पेठांत आमच्या ऐपतीची जागा नव्हती. रस्ता आम्ही वर्गणी काढून मुरमाचा केला. पाणी काही वर्षे टँकरने घेतले. नगरपालिकेत समावेश झाला तर घरपट्टी वाढणार हे निश्चित, आणि त्या बदल्यात गटार कधी मिळेल हे अनिश्चित, असे आमच्या गल्लीतल्या बहुतेकांचे मत आहे. ग्रामपंचायत सदस्य निदान सकाळी चहाला भेटतो, त्याला विचारता येते. दुसरीकडे हेही मान्य करतो, की एवढ्या मोठ्या वस्तीच्या सांडपाण्याचे काम एका ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे आहे. आमचे पाणी शेवटी ओढ्याने बाणगंगेतच जाते, आणि बाणगंगा जुन्या गावातून वाहते. म्हणजे हद्द कागदावर कोठेही असली तरी पाणी ती मानत नाही.

प्रतिसाद : बाणगंगाकाठ

कोळकीकर, तसा सूर निघाला असेल तर क्षमस्व. माझा आक्षेप तेथे राहणाऱ्यांवर नव्हता. पन्नास हजारांच्या गावासाठी आखलेल्या पाणीयोजना, बाजारतळ आणि बसस्थानक प्रत्यक्षात किती माणसे वापरतात हे कोणत्याच दप्तरात दिसत नाही, आणि त्यामुळे पुढची आखणीही चुकीच्या आकड्यावर होते, एवढेच मला म्हणायचे होते. आपण सांगितलेली बाणगंगेची गोष्ट मात्र मनाला लागली. मलठणच्या पुलाखाली आम्ही पोहलो आहोत. आज त्या पाण्यात कोणी पाय घालणार नाही.

प्रतिसाद : वारीतला एक

मी फलटणचा नाही, मराठवाड्यातला आहे, परंतु बावीस वर्षे आषाढी वारीत फलटणला मुक्काम केला आहे. माउलींची पालखी जेथे उतरते ते मैदान तुम्ही सर्व जण विमानतळ म्हणता. संस्थानच्या काळची ती धावपट्टी. त्या रात्री लाखो माणसे त्या माळावर असतात, आणि फलटणची घरे ज्या आपुलकीने दारे उघडतात ती मी इतर मुक्कामांवर फार थोड्या ठिकाणी पाहिली. पहिली काही वर्षे आमची दिंडी एका उसाच्या फडाच्या कडेला उतरत असे. आता तेथे इमारती आहेत, आणि त्याच जमिनीच्या मालकांनी स्वतःच्या वाहनतळात आम्हाला जागा दिली आहे.

पालखी मार्गाचे चौपदरीकरण झाल्याने चालणे सोपे झाले, पण रस्त्याकडेची जुनी वडा-लिंबाची झाडे गेली. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते तेथून फलटणपर्यंतचा टप्पा आता उन्हात काढावा लागतो. नवी झाडे लावली आहेत. ज्यांची शेते त्या रस्त्याला लागून आहेत त्यांनी उन्हाळ्यात त्यांना पाणी घातले, तर आमच्या पुढच्या पिढीला सावली मिळेल.

प्रतिसाद : पाटकरी

वारीतला एक, आमचे शेत त्याच रस्त्याला लागून आहे. बांधासमोर सात झाडे लावलेली आहेत, त्यांतली दोन वाळली. उरलेल्या पाचांना पाळीच्या वेळी सरीतून पाणी वळवतो. दोन खड्ड्यांत या पावसाळ्यात लिंबाची रोपे लावीन.

प्रतिसाद : डोंगरकडा

धागाकर्त्यांनी सांगितल्याप्रमाणे आईशी बोलायला बसलो आहे. ७२ सालच्या खडीच्या कामाची हजेरीची चिठ्ठी तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली निघाली. आम्हा भावंडांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते. तिच्याबरोबर कामावर असलेल्या आणखी दोघी जणी गावात आहेत, एक ऐंशीच्या पुढे आणि एक तिच्या थोडी मागे. येत्या रविवारी तिघींना एकत्र बसवून त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत, शब्द न बदलता उतरवून घेणार आहे. तांबमाळ ताई, लिहून झाल्यावर आपण एकदा नजरेखालून घालाल का? काही शब्द मलाही आता कळत नाहीत.

प्रतिसाद : तांबमाळ

अवश्य. रविवारी मी स्वतःच येते. लोणंद रस्त्यावरून ताथवड्याकडे सकाळी कोणती एसटी असते तेवढे कळवावे.